वानरांचा बंदोबस्त

२ एप्रिल २०२३, सकाळी
आज वानरांशी युद्ध जाहीर. काल त्यांनी समोरच्या खोलीच्या छपरावरचे अकरा कवेलू, म्हणजे कौलं, फोडले. त्या खोलीत विजयमालेचा वर्षभराचा कापूस आहे, जमिनीपासून पार स्विचबोर्डापर्यंत. शेत तिच्या माहेरचं, कष्टही तिचेच. कापूस घरात ठेवायचा निर्णय तेवढा माझा. ती जानेवारीतच विकायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, भाव चढतो. मागल्या वर्षी चढला होता. विज्ञानात याला पॅटर्न म्हणतात, आणि मी मारेगावात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे.
आता अवकाळी आला तर फुटक्या कवेलूंतून सगळा भिजेल. म्हणून वानरं मेली पाहिजेत. निदान एक तरी, म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल.

४ एप्रिल
गोफण चालवली. पहिला दगड शेजारच्या शंकरसिंगच्या पाण्याच्या टाकीला लागला. दुसरा सुटायच्या आत मोठा हुप्प्या छपरावरून उतरला आणि त्याने माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. पाचही बोटं उमटली. विजयमाला हळद लावता लावता म्हणाली, काहून नादी लागता त्याच्या, वरून जाळी टाकू ना. जाळी! जाळी भेकड टाकतात.

९ एप्रिल
शस्त्र मिळालं. यवतमाळहून रिमोटचं विमान आणलं, सेकंडहँड. तेलावरचं इंजिन, आवाज आरा मशिनचा. सोबत ट्रान्समीटर, म्हणजे दोन दांड्यांचा जाडजूड रिमोट. त्याला आठ पेन्सिल सेल लागतात. आठही तासाभरात गार. भिंतीवरच्या घड्याळातला काढला, टॉर्चमधले काढले. टीव्हीच्या रिमोटला हात घातला तेव्हा विजयमालेशी कडाक्याचं भांडण झालं. मी स्टीलचा गिलास भिंतीवर फेकला. मुळात मी रागीट नाही. गिलास चेपला कारण तो हलक्या पत्र्याचा होता.
संकल्प: उद्यापासून राग फक्त वानरांवर.

११ एप्रिल
बसस्टँडजवळ जफरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. जफर माझाच विद्यार्थी, विज्ञानात छत्तीस मार्क. त्याने ट्रान्समीटरसाठी लिथियम बॅटरीचा पॅक बनवून दिला आणि वर मला शिकवायला बसला. मला! म्हणे, सर, हे पेन्सिल सेल नोहे. तुमच्या या रिमोटच्या डब्याची सेल उतरल्याची शिट्टी जुन्या सेलच्या हिशोबानं वाजते. ते वाजेपर्यंत लिथियम मरून जाते, म्हणून वीस मिनिटं झाले का बंदच करा. मागच्या भोकातून डब्यासोबत आलेला जुना चार्जर लावू नका, याचा चार्जर अलग रायते, मी नागपूरवरून मागवतो. चार्ज करताना पॅक बाहेर काढा, फरशीवर ठेवा, जवळ बसून राहा. फुगला तर वापरू नका. आन् याले मार लागू देऊ नका सर, आत फाटलं का आगच.
छत्तीस मार्क. मी मान डोलावली. त्यातलं घेण्यासारखं एकच होतं, मार लागू न देण्याचं.

१३ एप्रिल, दुपारी
विजय! विमान छपरावरून दोनदा असं काही गेलं की वानरं एकमेकांना तुडवत पळाली. एकाची शेपटी विमानाच्या पंख्यात येता येता राहिली, फार वाईट वाटलं. चाळीस मिनिटं उडवलं. शिट्टी वाजली नाही, म्हणजे पॅक ठणठणीत. जफरने उगाच घाबरवलं होतं.
पॅक डब्यातच ठेवून जुन्या चार्जरने चार्ज केला. काहीही झालं नाही. मार्क योग्यच दिले होते.

१७ एप्रिल
किरकोळ अपघात. ट्रान्समीटर शिट्टी न वाजवता मेला. विमान स्वतःच्या मनाने वळलं आणि अंगणात दाढी करत बसलेल्या शंकरसिंगच्या खांद्यात घुसलं. पंख्याने आधी बनियन फाडलं, मग शंकरसिंग. सात टाके. टाके घालून आला तो काठी घेऊनच. म्हणाला, मास्तर, आज तुमाले उभाच चिरतो. मी ट्रान्समीटर पुढे धरला. त्याने काठी ट्रान्समीटरवरच हाणली, दोनदा. अडाणी माणूस. पॅकला मार लावू नये एवढंही कळत नाही.

१८ एप्रिल
पॅक फुगला आहे. उन्हाने असणार. एप्रिलात मारेगावात लोखंडी दारंसुद्धा फुगतात. झाकण बसेना, म्हणून गुडघा ठेवून दाबलं आणि सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलं. जफरला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, सर, हात जोडतो, त्याले आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा, रेतीत टाका. गुरूवर ओरडला! शाळेत असता तर पाठ सोलली असती. चार्जर ईदनंतर येणार म्हणे. वानरं ईदसाठी थांबत नाहीत.

२० एप्रिल, सकाळी १०
आभाळ भरून आलं आहे. वानरं परत छपरावर, आणखी चार कवेलू गेले. आज निकाल लावणार. चार्जिंग सुरू केलं. मार लागू नये म्हणून कापसात कोपरभर खड्डा करून ट्रान्समीटर आत ठेवला, वरून दोन ओंजळी कापूस. याहून मऊ जागा अख्ख्या तालुक्यात नाही. विजयमाला म्हणाली, मले कायचा तरी वास येऊन राह्यला. मी म्हटलं, कापूस जुना झाला की येतो. ती म्हणाली, जुन्या कापसानं अंगाले खाज येते, असा गोडसर वास नाही येत, तुमी ते काढा तिथून. मी दार आपटून अंगणात आलो. बाई सगळ्यात नाक खुपसते.

२० एप्रिल, संध्याकाळी
आग लागली होती. मी विझवली. सविस्तर उद्या.

२१ एप्रिल
नोंद बिनचूक असावी म्हणून लिहितो.
आधी सूं असा आवाज आला, मग फटाका फुटल्यासारखं झालं आणि कापसातून पांढरी ज्वाळा छपरापर्यंत गेली. मी बाहेर थांबून सूचना देत होतो. प्रत्यक्ष काम इतरांनी केलं. शंकरसिंगने टाक्यांच्या खांद्यानिशीच छपरावर चढून कवेलू फोडले आणि मोटरचा पाइप आत सोडला. त्याचे टाके उसवले. विजयमाला आत होती. जळता कापूस कवेत घेऊन बाहेर फेकत होती, परत आत जात होती. मी तिला बाहेर ये म्हणून ओरडत होतो. दारापासून. अंगणातून.
अर्ध्याहून जास्त कापूस वाचला.

२३ एप्रिल, यवतमाळ, दवाखाना
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आग कोणी विझवली? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, हात दाखवा. मी दाखवले. त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.
दुपारी जफर आला, ईदचा शीरखुर्मा घेऊन. म्हटलं, आता हा बोलणार, आणि बोलला तर त्याचं बरोबर आहे. विजयमालेच्या दोन्ही हातांना बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. त्याने वाटी माझ्याकडे दिली. म्हणाला, सर, काकूले भरवा.
मी भरवलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. चार घास झाल्यावर तिने विचारलं, दिवाळीच्या वेचणीपर्यंत हात नीट होतीन काय हो माहे? बोंडातून कापूस निघीन ना?
मी होतील म्हटलं. डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या नव्हत्या.
मग तिचं तोंड पुसलं, केस मागे सारले, वाटी धुऊन आणली. माझे दोन्ही हात चांगले आहेत.