दोन्ही हात दिसू देत

अक्का, परवा बँकॉकमध्ये एका रेशमाच्या दुकानात उभी राहून मी म्हणाले, "पुरं उलगडा की." मराठीतच म्हणाले. समोरच्या बाईला एक अक्षर कळलं नसणार, पण हाताची खूण तिला बरोबर समजली. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आता बोलायचं तर असं कागदावरच.

तुमच्या माघारी मंगळवार पेठेतलं साड्यांचं दुकान तुमच्या पोरांनी बंद केलं. आता तिथं मोबाइल विकतात. मी बरीच वर्षं घरीच होते. मग माझ्या लेकीनं सहलींचं ऑफिस काढलं, आणि नुसत्या बायकांच्या सहलीबरोबर कुणीतरी वयानं मोठी बाई हवी म्हणून मला धाडायला लागली. इंग्रजीचा पत्ता नाही, तरी खरेदीला मलाच पुढं घालतात. हसा तुम्ही!

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर माझा तास सुरू होतो. उपाशीपोटी खरेदीला निघायचं नाही, भुकेल्या बाईला सगळंच छान दिसतं. पटकन निघतील अशा चपला घाला, पिशवीत ओढणी ठेवा, देवळात खांदे झाकावे लागतात. देऊळ आज बंद आहे, चला चांगलं दुकान दाखवतो, असं सांगणाऱ्या रिक्षावाल्याला लांबूनच नमस्कार करा. रंग बघायचा तर कापड दारात उजेडात न्यायचं, भरतकाम उलटं करून बघायचं. सहाजणींनी एकदम एका दुकानात शिरायचं नाही. एक जरी "अय्या!" म्हणाली की संपलं, भाव खाली येत नाही. आणि लवकर जा, कारण तिकडंही सकाळची भवानी मानतात, पहिलं गिऱ्हाईक हातचं सोडत नाहीत. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट विकणाऱ्या बायका सगळ्या मालावरून फिरवतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा भर बाजारात मला रडू फुटलं. तुम्ही ती नोट डोळ्यांना लावायचात ना. आमच्या बायका हे सगळं मोबाइलवर टिपून घेतात आणि म्हणतात, "ताई, किती माहिती हाय हो तुम्हाला!" मला काय डोंबल माहिती! सगळं तुमच्या गादीवर बसून गोळा केलेलं.

मी विशीत होते तेव्हा. बाबांचं शिरोलीच्या कारखान्यातलं काम सुटलं होतं, पाठची दोन भावंडं शाळेत. तुमच्याकडच्या पगारावर आमची चूल पेटायची, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. हुपरीची एक बाई लेकीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला आली. पैंजणांच्या कड्या जोडून जोडून तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली. मी तिला डाळिंबी रंगाची रेशमी साडी विकली. "लेक नक्षत्रावाणी दिसंल बगा मावशी," असंही वर म्हणाले. चौथ्या दिवशी ती बाई तीच साडी घेऊन दारात उभी. काठाजवळ बोटभर जागी वीण सुटलेली. भांडली नाही हो ती. नुसती म्हणाली, "पावण्यांम्होरं उलगडली, अक्का."

तुम्ही गल्ल्यावरनं उठलात. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच मला विचारलंत, "विकताना दिसलं न्हवतं व्हय गं तुला?"

"न्हाय अक्का."

"बग हं. चूक झाली असंल तर ती माझ्या दुकानाची. लबाडी असंल तर उद्यापासनं यायचं न्हाय."

"न्हाय दिसलं. आईशप्पत."

तुम्ही कपाटातली दुसरी साडी काढलीत, माझ्या हातात दिलीत आणि त्या बाईबरोबर मला हुपरीच्या बसमध्ये बसवलंत. व्याही गावातलेच होते. त्यांच्या घराच्या सोप्यात उभी राहून मी सांगितलं की चूक दुकानाची, या मावशींची नाही. येताना त्या मावशींनी मला चहा पाजला आणि वर म्हणाल्या, "हुतंय गं, लहान हाईस." मी कप अर्धाच ठेवून बस धरली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गादीवर पुढं बसवलंत आणि म्हणालात, "हितनं म्होरं परत्येक साडी पुरी उलगडायची. आन् दोन्ही हात गिऱ्हाइकाला दिसू देत." तुमचा स्वभावच कडक, म्हणून मी मान डोलावली. पुढं बावीस वर्षं तशीच उलगडत बसले. माझ्या लग्नात तुम्ही डाळिंबी साडी दिलीत आणि भर मांडवात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडून दाखवलीत. बायका हसल्या. मीही हसले.

आता परवाचं सांगते. आमच्यातल्या एकीला लेकीच्या लग्नात विहीणबाईंना द्यायला रेशमी शाल हवी होती. गुरंढोरं सोडून पहिल्यांदाच गावाबाहेर पडलेली बाई, चार दिवस तिच्या तोंडी त्या शालीशिवाय दुसरा विषय नव्हता. दुकानातल्या बाईनं एक निळी शाल निम्मी पसरली. उजवा हात कापडावरून फिरत होता, डावा अंगठा मात्र काठावर घट्ट बसलेला. आणि तिची नजर एकदाच, हळूच, गल्ल्यावरच्या म्हातारीकडं गेली. पुरं उलगडा म्हणाले तरी अंगठा हलेना. मग मी तिचा हात हातात घेतला आणि सावकाश उचलला. खाली बोटभर जागी वीण सुटलेली. गल्ल्यावरनं म्हातारीनं काहीतरी विचारलं. मी शाल घडी करून बाजूला ठेवली, "कलर, कलर" म्हणत नाक मुरडलं आणि दुसरी मागितली. ती तिनं पुरी उलगडली, दोन्ही हातांनी. तीच आम्ही घेतली.

बाहेर पडल्यावर बायका माझ्या अंगावरच आल्या. "ताई, तुम्हाला दिसलं कसं? आन् फसवणारीकडनंच घेतलं व्हय?" मी म्हणाले, "आमच्या अक्कांनी शिकवलंय."

थाप मारली. अंगठ्याचं तुम्ही कधीच शिकवलं नव्हतं. दोन्ही हात दिसू देत असं का म्हणाला होतात, ते मला त्या दुकानात उभी असताना कळलं. तुमच्या गल्ल्यावरनं आमची गादी सरळ समोर दिसायची. तुम्हाला माहीत होतं, अक्का. माहीत असून तुम्ही मला ठेवून घेतलंत, गादीवर पुढं बसवलंत, घरची पोर असल्यासारखं माझं लग्न बघितलंत आणि मरेपर्यंत एका शब्दानं बोलला नाहीत. माझ्या भावंडांची शाळा तुमच्या त्या न बोलण्यावर झाली. तुमचे उपकार कसे आणि कुठं फेडू?

हा कागद धाडायचा तरी कुठं? त्याच डाळिंबी साडीच्या घडीत ठेवते. तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर तोंडातून निघालं नाही, ते आता लिहिते. मला दिसलं होतं, अक्का. अंगठा ठेवूनच विकली मी.