हरळीचा चौक

माय, मी बीडला आलोय. मुसाफिरबंगल्याच्या पडवीत बसून हे लिहितोय. आपल्या गावी, चौसाळ्याला, जाणार नाही. तिथं आता जायचं तरी कुणाकडं? सरकारी कामानं आलोय, आणि काम काय म्हणशील तर माझ्याच हातानं आखलेल्या बागेवर शेवटचा शेरा मारायचा. हैद्राबादेत सरकारी बागांच्या खात्यात, महकमा म्हणतात त्याला, मी आता सदर नक्शानवीस आहे. म्हणजे बाग कुठं करायची, रस्ता कुठून न्यायचा, झाड कुठं, बाक कुठं, हौद कुठं, हे सगळं आधी मी कागदावर काढतो, मग माळी खड्डे खणतात. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "म्हंजी झाड लावायच्या आदी त्याचं चित्र काढायचं? झाडाला कळतंय व्हय ते?" नाही कळत, माय. उभा जन्म चित्रं काढली, एकाही झाडाला कळलं नाही.

सकाळी बाग बघून आलो. बघण्यासारखं काही उरलेलं नाही. विहिरीचा झरा आटला त्याला बरीच वर्षं झाली. हौदात लोकांनी कडबा रचून ठेवलाय. फाटकाचा एक पल्ला कुणीतरी काढून नेला, दुसरा न्यायच्या लायकीचा नसावा म्हणून राहिला. बाग ठेवायची की मोडायची ते मी लिहून द्यायचं आहे. मोडायची, असंच लिहिणार आहे. ती जागा गुरांच्या बाजाराला देतील. एवढ्या गावात एक माणूस मला अडवायला आला नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही. बरं झालं, एवढंच मनात आलं. मग त्या मधल्या चौकात जाऊन उभा राहिलो आणि तसाच बांधावर बसलो. बरोबरच्या कारकुनाला सांगितलं, ऊन लागलं.

आपल्या मळ्यात तुझं एकच वैर होतं, हरळीशी. बाप गेल्यावर मोट, वांगी, मेथी, झेंडू, सगळं तू एकटीनं ओढलंस. भाऊबंदांशी कधी चकार शब्दानं भांडली नाहीस, पण हरळी दिसली की तुझं डोकं फिरायचं. चूल मळ्यातच, छपराखाली. तू तव्यावर भाकरी टाकतेस आणि नजर वाफ्यावर. मधेच उठतेस, पिठाच्या हातानं तशीच वाफ्यात बसतेस, बोटांनी माती उकरत मुळाच्या मागं मागं जातेस, आणि हातभर लांब मूळ न तुटता निघालं की मला दाखवतेस. तोवर इकडं भाकरीचा कोळसा! गणपतीला दूर्वा म्हणून तीच वाहायचीस, पण "देवाच्या डोक्यावर ठीक हाय, माज्या वांग्यात न्हाई" म्हणायचीस. एकदा मी खुरपं वरवर फिरवून वाफा नुसता दिसायला नीट केला, तर तू मातीतनं एक कांडी उकरलीस आणि माझ्या नाकापुढं धरलीस. "हे काय हाय? आज हिला सोडलंस, उंद्या मळा सोडून जावं लागंल!" आणि पाठीत एक धपाटा घातलास. हात मोठा जड होता तुझा.

पुढं मामा मला शिकायला हैद्राबादेला घेऊन गेला. माझं चित्र बरं, अक्षर बरं, उर्दू लवकर आली, आणि बागांच्या महकम्यात चिकटलो. तिथं सगळे बड्या घरचे. कुणी विचारलं, घरी काय असतं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "वतन आहे. शंभर बिघे बागाईत." एकदा बोललो ते बोललो, मग त्या खोट्याला रोज खतपाणी. त्या शंभर बिघ्यांत मी आंबे लावले, गडीमाणसं ठेवली. तू मात्र त्यात कुठं बसेनास. कारण वतनदाराची बायको उन्हात बसून खुरपत नाही. तेवढ्यात बीडला आमलोकांसाठी बाग करायचं ठरलं, आणि हा त्याच जिल्ह्याचा आहे म्हणून मलाच धाडलं. जालन्यापर्यंत आगगाडी, पुढं बैलांची दमणी. बीडला उतरलो आणि चार महिने चौसाळ्याकडं फिरकलो नाही. काम लई होतं, असं मी स्वतःला सांगायचो. काम होतंच म्हणा, पण एक दिवस निघाला नसता एवढं नव्हतं.

मग एका सकाळी खुरपणीच्या बायकांची हजेरी चाललेली, आणि रांगेत तू. कपिलधारला दर्शनाला म्हणून घरून निघाली होतीस, वाटेत टोळी भेटली, त्यांच्यात मिसळून आलीस. त्या बायका लांबच्या गावच्या, त्यांना तू कुणाची कोण हे ठाऊक नाही. मी तुला चिंचेच्या आडोशाला नेलं. बरी आहेस का, एवढंसुद्धा विचारलं नाही. म्हणालो, "इथं काहून आलीस?"

"तू यीनास, मग मी आले. साऱ्या मुलखाला कळलं तू आलास म्हणून, मलाच न्हाई कळू दिलंस."

"बरं, बाग बघ आणि जा."

"लेकाची बाग हात हालवत बघू व्हय? खुरपं आणलंय माजं."

मग मी तुला सांगितलं, इथं मला साहेब म्हणायचं, नाव घ्यायचं नाही, लेकरा म्हणायचं नाही, सरकारी कायदाच आहे तसा. कसला कायदा आणि कसलं काय! तू माझ्या तुर्की टोपीच्या गोंड्याकडं बघितलंस आणि पदर तोंडाला लावून हसलीस. "बरं हाय की, साहेब. गोंडा तेवढा सरळ करा." तुला तो खेळ वाटला, माय. पोराच्या नोकरीचा काही रिवाज असेल म्हणून तू तो मन लावून खेळलीस. वीसेक दिवस टोळीबरोबर राहिलीस, तीन धोंड्यांच्या चुलीवर धपाटे करायचीस आणि दुपारी चिंचेच्या बुंध्याशी फडक्यात बांधून ठेवून जायचीस. मी इकडंतिकडं बघून ते उचलायचो आणि तंबूत पाठ करून खायचो. हैद्राबादेत तसं जेवण मला कधी मिळालं नव्हतं, आणि ते मी चोरासारखं खात होतो. तुला एकदाही म्हणालो नाही की माय, चांगले झालेत.

माझ्या नक्शाच्या मधोमध एक चौक होता, नुसत्या हिरवळीचा. हैद्राबादेत बड्या अंमलदारांच्या बंगल्यांपुढं असतो तसा. झाड नाही, फूल नाही, नुसतं गवत. लोकांनी बघायचं आणि वरून चालायचं नाही. त्यासाठी नदीकाठची हरळी आणवून वीतवीत अंतरावर लावली होती, तिला पाट काढून रोज पाणी देत होतो, गुरं शिरू नयेत म्हणून भोवती काट्या लावल्या होत्या. सारा मुलूख जे उपटून टाकतो ते मी मोटेच्या पाण्यावर वाढवत होतो. तुम्ही बायका फुलांच्या वाफ्यांवर, लांब. तरी तुझ्या नजरेतनं हरळी सुटते व्हय? एक दिवस मी वाटेनं जाताना तू हळूच म्हणालीस, "साहेब, त्या मधल्या चौकात लई हरळी माजलीय. पाट फुटून पानी तिकडंच जायलंय. टायमावर काडा, न्हाईतर सारी बाग खाऊन टाकंल." दुसऱ्या कुठल्या बाईनं म्हटलं असतं तर मी थांबलो असतो, हसलो असतो, सांगितलं असतं की बाई, ती मुद्दाम लावलीय, तिला हात लावू नका. पण मुकादम दहा पावलांवर उभा होता, आणि तुझ्याशी दोन वाक्यं जास्त बोललो तर आवाजातला सारखेपणा त्याला कळेल असं मला वाटलं. मी "बरं, बरं" म्हणालो आणि पुढं चालता झालो.

मोहतमीमसाहेब, म्हणजे आमच्या महकम्याचे सगळ्यात वरचे अंमलदार, दोन दिवसांनी पाहणीला यायचे होते. मी टोळीला सांगितलं, काट्या काढून टाका, बाग लख्ख करा, कुठं तण दिसता कामा नये. आणि साहेबांच्या उतरण्याची सोय बघायला याच बंगल्यावर आलो. साहेब एक दिवस आधीच येऊन थडकले. चहासुद्धा न घेता म्हणाले, आधी बाग. मी त्यांच्या बग्गीतून मोठ्या ऐटीत फाटकातून आत आलो.

मधला चौक काळाभोर. ढेकळं फोडून, माती भुसभुशीत करून, वरून हात फिरवून सपाट केलेला. बांधावर हरळीचे ढीग, मुळं वर करून उन्हात टाकलेले, पुन्हा रुजू नयेत म्हणून. वीस बायकांनी सकाळपासून पाठ वर केली नव्हती. अगं, त्यांना तरी काय बोल लावायचा? जन्मात कुणी त्यांना हरळी राखा म्हणून सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या पुढं तू, कोपरापर्यंत मातीनं भरलेली, घामानं कुंकू ओघळलेलं नाही कारण कुंकू पुसून जमाना झालेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मळ्यात चांगलं पीक आलं तरी मी तो बघितला नव्हता. "एक कांडी ठिवली न्हाई, साहेब," तू म्हणालीस. साहेब नक्शातली हिरवळ शोधत म्हणाले, "मैदान कहाँ है?" मी नक्शा उघडून उभा. मग साहेबांनी तुझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, "ये औरत कौन है?" मी म्हणालो, "कोई नहीं, हुजूर. मजदूरनी है. गंवार है." आणि मुकादमाला ओरडलो, हिचं नाव हजेरीतून काढ, हिला बागेबाहेर घाल.

तुझं हसू गेलं, पण एकदम नाही. आधी तुला वाटलं असेल की हाही त्या खेळातलाच भाग आहे. माझ्या तोंडाकडं बघितलंस तेव्हा कळलं. तू हात जोडलेस. "चुकलं मायबाप. अडाणी हाव आमी." पोटच्या पोराला मायबाप म्हणालीस. खुरपं कमरेला खोचलंस आणि मुकादमाच्या पुढं पुढं चालत गेलीस, मी नक्शावर बोट ठेवून साहेबांना हौद दाखवत होतो. त्या चौकात मग गुलाब लावले. मला बढती मिळाली.

चौसाळ्याला येणारच होतो. सुभेदारसाहेबांच्या हातून बाग उघडली की येणार होतो, मग हैद्राबादेला रुजू होऊन येणार होतो, मग पावसाळा झाला की येणार होतो. तेवढ्यात पटकीची साथ आली, आणि मला निरोप पोचला तेव्हा तुझा दहावाही होऊन गेला होता. आलो तर छपराला कडी. शेजारच्या मळ्यातली म्हातारी पाणी घेऊन आली. म्हणाली, तू तिसऱ्या दिवशी गेलीस, जास्त हाल झाले नाहीत. मग माझ्यापुढं फतकल मारून बसली आणि सांगायला लागली. "तुमच्या बागंत गेलती तवा लई खूश होऊन आलती बघा. साहेबाम्होरं तुमी म्हनलात म्हनं, ही माजी माय. साहेबानं खुर्ची दिली बसाया. बसताना लाज वाटली म्हनायची, पायाला माती हुती. येनाऱ्याजानाऱ्याला सांगायची. खरं व्हय ते?"

मी म्हणालो, "खरं आहे."

तू मेलीस तरी माझी लाज झाकत होतीस, आणि मी ते पांघरूण आणखी वर ओढून घेतलं. त्या म्हातारीला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थुंकली असती. थुंकू द्यायला पाहिजे होतं. त्यानंतर मी किती बागा काढल्या ते आता आठवतही नाही. प्रत्येकीत बाक ठेवले, चांगले, पाठीला टेकू असलेले, आणि बाकाची जागा आखताना दर वेळी हात थांबतो. त्यानं काही होत नाही, हे मला कळतं. तुला बसायला मिळालं नाही ते नाहीच मिळालं, आणि आता ते तुला द्यायची सोय नाही. माफी मागावी तर ती देणारं माणूस नाही, आणि असतीस तर तू मागूच दिली नसतीस, "खुळा हायस" म्हणून पुढ्यात भाकरी वाढली असतीस. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

हा कागद टपालात पडणार नाही, कुणी वाचणार नाही, उद्या निघताना फाडून टाकीन. तेव्हा एक गोष्ट सरळ लिहितो. बायकोला मी ही हकीकत लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितली. ती रडली आणि म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसानं एकाएकी विचारल्यावर तुम्ही तरी काय करणार, गांगरून जातो माणूस. तिचं ते बोलणं मी धरून ठेवलं. इतकं की वरती तुलाही तसंच लिहून बसलो, आणि तू तर तिथं समोर उभी होतीस. तू कोण ते साहेबांनी विचारलंच नव्हतं, माय. साहेब तो काळा चौक बघून हसले, म्हणाले, "चलो, गुलाब लगा देंगे," आणि विहिरीकडं वळले. तुझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तू माझ्याकडं बघून हसत होतीस, तुझे ओठ हलले, आणि तू आता लेकरा म्हणशील असं मला वाटलं. म्हणून मी साहेबांच्या मागं धावत गेलो आणि आपण होऊन सांगितलं की ही माझी कुणी नाही.