पाणी पिणारी मोटार आणि पातूरचा रस्ता

अमरावती, माघ वद्य तृतीया, शके १८८२

चि. खुशालराव यांस देवीदासाचे अनेक आशीर्वाद.

पत्राचा आरंभ तक्रारीने करावा लागतो याचा खेद आहे, पण इलाज नाही. तुमच्या गेल्या कार्डावर माथ्याशी 'सा. न.' अशी दोनच अक्षरे आढळली. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला घालायचा नमस्कार आठ अंगांचा असतो. पैकी बहुतेक अंगे अकोल्यास ठेवून उरलेली तेवढी तुम्ही टपालात टाकलीत. जागा नव्हती म्हणावे, तर खाली सरकीच्या भावाला पाच ओळी दिल्या आहेत. (तुमची ताई म्हणते, "भावानं कार्ड टाकलं हेच पुष्कळ समजा." लग्नाला इतकी वर्षे झाली, पण माहेरची वकिली तिने सोडलेली नाही.) असो. तुमचा दमा या थंडीत कसा आहे? रात्री दही खाणे बंद केलेत ना? येथे सर्व क्षेम आहे, मोटार वगळता.

ही मोटार मी घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "भाऊजी, या वयात मोटार घेता, अन् तीही तिच्या या वयात?" तो टोमणा मी विसरलो नव्हतो, पण यंदा त्याला उत्तर द्यायची संधी आली होती. इंदूला पहिल्या बाळंतपणासाठी पातूरहून आणायचे आहे. सातवा सरत आला. आठव्यात गर्भारशीने वेस ओलांडू नये हा तुमच्या ताईचा दंडक, आणि त्या रस्त्याने एस.टी.चे धक्के खाऊ देऊ नका हा पातूरच्या डॉक्टरीणबाईंचा. श्रुती आणि स्मृती यांचे असे एकमत झाल्यावर मतभेदाला वाव उरत नाही. "मी मोटार घेऊन येतो," असा शब्द मी पोरीला देऊन बसलो.

शब्द दिला त्याच आठवड्यात मोटार पांढरा धूर सोडू लागली. पहाटे हँडल मारले की मागच्या नळीतून असा लोट उठे की आमची गल्ली, समोरचे मारुतीचे देऊळ आणि देवळाच्या पारावर दात घासत बसलेली मंडळी, सारे अव्यक्तात विलीन होई. शेजारचे जानराव म्हशीची धार टाकून कुंपणाशी आले. "ओ गुर्जी, काय पेटवून राह्यले हो?" मी सांगितले, थंडीचा परिणाम आहे. त्यावर ते म्हणाले, "थंडी तं आमाले बी वाजते. आमी काय असा धुव्वा सोडतो?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नसावे. शिवाय भर दुपारी, जानराव सदरा काढून झाडाखाली पडले असतानाही, लोट तेवढाच निघाला आणि थंडीचा आधार गेला.

दुसरे लक्षण असे की मोटार पाणी पिऊ लागली. संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा आणि थोडे फिरवून आणावे, तो सकाळी आत अर्धी घागर सहज मावे. खाली जमीन मात्र कोरडी ठणठणीत. नळ्या चाचपल्या, त्याही कोरड्या. आता मी पडलो पाठशाळेत न्याय शिकवणारा. 'पर्वतो वह्निमान् धूमात्' हे वाक्य जन्मभर घोकून घेतलेले. जेथे धूर तेथे अग्नी. तेव्हा इंजिनाच्या पोटात कोठेतरी अवाजवी अग्नी आहे आणि तो शमवण्यासाठी ती बिचारी पाणी पिते, असा मी निर्णय केला आणि वाटेत ती तापून थांबली की गार पाणी मुबलक ओतू लागलो. अनुमान पंचावयवी होते, पण मोटारीला ते पटलेले दिसले नाही.

शेवटी अब्दुल गफ्फार मिस्त्रीला बोलावले. हा गृहस्थ आधी निदान करतो आणि मग झाकण उघडतो. लांबूनच म्हणाला, "पंडितजी, रेडिएटर गळून राह्यला. हळद टाका. जखम आदमीची असो का गाडीची, दवा एकच." (अशी हळद घालतात म्हणे, ती बारीक भोकात जाऊन बसते.) तुमच्या ताईच्या डब्यातली निम्मी हळद रेडिएटरच्या पोटात गेली आणि आम्ही दोघे बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेत मोटार उकळून थांबली. गफ्फार "थांबा, थांबा" म्हणतो तोवर मी फडके घेऊन झाकण फिरवले होते. पुढचे वर्णन करीत नाही. भाजलो नाही हे पूर्वजन्मीचे सुकृत. पण टोपी, कोट आणि धोतर एकाच पिवळ्या रंगाचे झाले. त्या वेषात गल्लीत शिरलो तर जानराव पारावरूनच ओरडले, "माय व माय! गुर्जीले हळद लागली! नवरी कोन्ती हो?" आणि तुमची ताई, जिने आजवर परपुरुषाला रस्त्यात उत्तर दिलेले नाही, ओसरीवरून म्हणाली, "तीच, मागं ढकलत आणलेली."

खरे निदान त्या धोतराने केले. ते धुऊन तिने अंगणात वाळत घातले, नेमके मोटारीच्या मागे. दुसऱ्या दिवशी मी हँडल मारले आणि सगळा लोट त्या धोतरावर गेला. काजळीने काळे झाले असणार म्हणून ती धावत आली. पाहतो तो धोतरावर काळा ठिपकासुद्धा नाही. फक्त वाळलेले धोतर पुन्हा ओले. खुशालराव, तो धूर नव्हताच, वाफ होती! तळ्यावरचे धुके पाहून तेथे आग आहे म्हणणारा मूर्ख आमच्या ग्रंथांत उदाहरणादाखल दिलेला असतो. त्या एका चुकीपायी मी किती विद्यार्थी नापास केले असतील. आज तो मूर्ख स्वतःच्या अंगणात भेटला.

गफ्फारला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मी बी तेच म्हणत होतो." (नव्हता.) मग त्याने तेलाची पट्टी ओढून दाखवली, तेल ताकासारखे फेसाळ पांढरे. झाकण काढून इंजिन चालू केले, तर पाण्यात वरण शिजावे तसे बुडबुडे. इंजिनाचे धड आणि डोके यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा पत्रा असतो, तो जळाला की पाणी आत शिरते, वाफ होऊन मागून निघते आणि रेडिएटर रिकामा. येथपर्यंत ठीक होते. पण डोके उतरवल्यावर त्यालाही चीर गेलेली निघाली. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतले की तशी जाते, असे गफ्फार म्हणाला. कोणी ओतले ते त्याने विचारले नाही. तेवढा तो सभ्य आहे. एवढ्या जुन्या मोटारीचे डोके मुंबईसही मिळेलसे दिसत नाही. सध्या ती त्याच्या छपराखाली कबंध राक्षसासारखी उभी आहे आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

सौ. वहिनींना आशीर्वाद, मुलांना पाठीवर थाप. सुज्ञांस अधिक लिहिले, ते माफ असावे.

आपला,
देवीदास

ता. क. मूळ मुद्दा राहूनच गेला. पातूरहून अकोला जवळ. तुमच्या कापसाच्या जिनातली नवी जीप शेटजींकडून एक दिवस मागून घ्या आणि इंदूला तुमच्याकडेच आणा. बाळंतपण तेथेच होऊ द्या. मामाचे घर म्हणजे माहेरच, हा शास्त्रार्थ मी तुमच्या ताईपुढे मांडला. तिने माझ्याआधीच तो ठरवून ट्रंक भरायला काढली होती.

पुन्हा ता. क. रविवारी मी एस.टी.ने पातूरला जाऊन आलो. इंदूचे पाय इतके सुजलेत की चप्पल चढत नाही. हसत होती. "बाबा, मोटार कधी आणता?" म्हणाली. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, रक्तदाब चढतो आहे, हिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याजवळ ठेवा, लांबचा प्रवास नको. तेव्हा मोटार धडधाकट असती तरी तिला अमरावतीपर्यंत आणायचे धाडस मला झाले नसते. दवाखान्याचे तुमच्या ताईला ठाऊक आहे, रक्तदाबाचे नाही. मला फार भीती वाटते, खुशालराव. जीप उद्याच पाठवा.