अर्ली राउंडचा माणूस

१७ ऑगस्ट
ठरलं. विद्यापीठात अर्ज करायचा. तोही अर्ली राउंडमध्ये.

अर्ली राउंड म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आत जे अर्ज करतात, त्यांचा निकाल डिसेंबरातच लागतो. बाकीचे लाखभर लोक फेब्रुवारीपर्यंत अर्ज करतात आणि मेपर्यंत नखं खात बसतात. विद्यापीठ केवढं, तर आतल्या आत बस फिरते. वयाची अट नाही. मी त्रेचाळीसचा, म्हणजे ऐन उमेदीत.

गेली चौदा वर्षं मेहुण्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आहे. पद मॅनेजरचं. काम तूर्तास इस्त्रीचं. माझ्या टेबलासमोर खिडकी, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दुकानाच्या वर तीन खोल्या, त्यात मी, बायको आणि सासूबाई. घर सासूबाईंचं, दुकान मेहुण्यांचं. मग माझं काय, हा प्रश्न आज कॉलरवर इस्त्री फिरवताना पडला. कॉलर जरा पिवळी झाली.

१८ ऑगस्ट
घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, बरं. सासूबाई म्हणाल्या, कुठलं विद्यापीठ? सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं बाई, ते तर केवढं मोठं आहे. माझ्या झेपेबद्दल त्यांच्या मनात आदर दिसला.

मेहुण्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी माझ्या भरवशावर राहू नका. ते म्हणाले, भावोजी, नाहीच राहत. मोठ्या मनाचा माणूस.

२ सप्टेंबर
अर्जाची वेबसाइट उघडली. बघून बंद केली. पहिल्याच दिवशी अंगावर घ्यायचं नसतं.

९ सप्टेंबर
अभ्यासाला जागा हवी. घरात कपाटामागे टेबल लावलं. कपाटाचं दार उघडलं की मला उठून उभं राहावं लागतं. आज सकाळपासून दोघींनी मिळून कपाट इतक्या वेळा उघडलं की माझा व्यायाम झाला. वर खालून वाफ येते. वाफेत विचार ओले होतात.

उपाय: दुकानाच्या मागची खोली. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला येत नाहीत, ते तिथे लटकतात. शांतता आहे. कोट ऐकून घेतात.

२१ सप्टेंबर
विषय ठरवायचा होता. आधी तत्त्वज्ञान. दुपारी मॅनेजमेंट, कारण ते मला येतंच. संध्याकाळी अर्थशास्त्र. बायकोने विचारलं, नक्की काय? मी म्हटलं, विद्यापीठाला ठरवू दे, त्यांच्याकडे माणसं आहेत त्यासाठी.

५ ऑक्टोबर
अर्जाबरोबर निबंध लागतो. ‘तुमच्यासमोरची एक अडचण आणि तुम्ही तिच्यावर केलेली मात.’ दिवसभर अडचण शोधली. अडचणी पुष्कळ आहेत, मात जरा कमी पडते आहे.

तुमचं काम जवळून बघितलेल्या माणसाचं शिफारसपत्रही लागतं. मेहुण्यांना मागितलं. त्यांनी काउंटरवरच, गिऱ्हाइकाला सुटे देता देता लिहून दिलं: ‘हे गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. जेवायला नेहमी वेळेवर येतात.’ वक्तशीरपणावर त्यांनी बोट ठेवलं. नेमकं तेच विद्यापीठाला हवं असतं.

११ ऑक्टोबर
आज डोकं चाललं. माझा अर्ज थेट भरायचा आणि एखादा रकाना चुकायचा, त्यापेक्षा आधी दुसऱ्याच्या नावाने एक रंगीत तालीम. बायको म्हणाली, माझं नाव नको, मला उगाच फोन येतील. सासूबाई म्हणाल्या, माझं घाला. काय व्हायचंय मला या वयात.

त्यांच्याकडे शाळा संपल्याचा दाखला निघाला. फर्स्ट क्लास! पुढे शिकायचं होतं म्हणे, पण त्याच महिन्यात लग्न झालं आणि मग सगळा जन्म खाली दुकानात बटणं लावण्यात, शिवण उसवली की टाके घालण्यात गेला. विषय विचारला तर क्षणभरही न थांबता म्हणाल्या, भूगोल. मी म्हटलं, भूगोलच का? म्हणाल्या, मी कुठे गेलेच नाही ना, जावईबापू.

म्हातारी माणसं मजेशीर असतात.

१२ ऑक्टोबर
सासूबाईंनी निबंध तोंडी सांगितला, मी टाइप केला. काकडी चिरता चिरता सांगत होत्या. सुरुवात अशी: ‘माझ्या घरात एक माणूस आहे. तो रोज सकाळी निघायची तयारी करतो आणि कुठे जात नाही. त्याच्याकडे बघता बघता एक दिवस माझ्या लक्षात आलं की मीही तेच करते आहे.’

बिचारे सासरे. मी त्यांना दोनच वर्षं बघितलं, पण असे असतील असं वाटलं नव्हतं. ते जाऊन बारा वर्षं झाली, तरी बाईंनी वर्तमानकाळ वापरला. मी हळूच भूतकाळ केला. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि परत वर्तमानकाळ करायला सांगितलं. मी म्हटलं, आई, व्याकरण चुकतं. त्या म्हणाल्या, चुकत नाही. बायको तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली. वडिलांची आठवण झाली असणार.

त्यांना शिफारसपत्र बायकोच्या मैत्रिणीने दिलं. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि तिथल्या मुलींना सासूबाई शिवणकाम शिकवायच्या. पान भरून लिहिलं. तालमीसाठी एवढं कशाला, पण असो.

संध्याकाळी सगळं भरून झालं. ‘सबमिट’ दाबायला मी सासूबाईंनाच सांगितलं, तेवढीच गंमत. त्यांनी आधी हात पुसले.

तालीम शंभर टक्के यशस्वी. आता माझा अर्ज म्हणजे हातचा मळ.

२४ ऑक्टोबर
हातचा मळ असल्यामुळे घाई नाही.

२९ ऑक्टोबर
निबंधाचं पहिलं वाक्य झालं: ‘अडचण म्हणजे काय?’ दमदार आहे. पुढे काय ते बघू.

३० ऑक्टोबर
वाक्य बदललं. ‘मुळात अडचण म्हणजे काय?’

३१ ऑक्टोबर, दुपारी १
आज शेवटचा दिवस. पाच वाजता वेबसाइट बंद. चार तास आहेत, म्हणजे खरं तर एक तास जास्तच. मागच्या खोलीत बसतो आहे. घरात आणि दुकानात सक्त ताकीद दिली आहे: काहीही झालं, मी आतून ओरडलो तरी दार उघडायचं नाही. लेखक माणसं ओरडतात.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
काय झालं ते शांतपणे लिहितो.

निबंध अडीच वाजता पूर्ण झाला. खरंच झाला. इतका चांगला झाला की मी तो कोटांना मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन उठलो. दाराची कडी फिरेना. बाहेरून कोणीतरी कपड्यांनी गच्च भरलेली ट्रॉली टेकवली होती आणि कडी अडकली होती. फोन वर चार्जिंगला. हाक मारली. मग जोरात मारली. मग दार वाजवलं. बाहेरून मेहुणे गिऱ्हाइकाला सांगताना स्वच्छ ऐकू आले: काही नाही हो, आमचे भावोजी निबंध लिहितायत.

मी त्यांच्या नावाने ओरडलो. बायको म्हणाली, दादा, उघडू नकोस, चिडतील.

त्या खोलीला खिडकी नाही. कोटांमध्ये उभा राहिलो. कुणाचे कुणाचे कोट, वर्षानुवर्षं कोणी न्यायला न आलेले. एकाची बाही खांद्यावर पडली तेव्हा मी, खोटं कशाला लिहू, थोडा रडलो. वाफेमुळे.

पावणेपाचला दार उघडलं. माझ्यासाठी नाही. एक बाई दोन वर्षांनी आपला कोट न्यायला आल्या होत्या.

धावत वर. लॅपटॉप उघडला. निबंध टाकला. दाखला टाकला. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पाचाच्या ठोक्याला हिरव्या अक्षरात आलं: ‘आपला मसुदा जतन झाला आहे.’

झालं! जतन! बायकोने विचारलं, अहो, सबमिट झालं ना? मी म्हटलं, त्याच्यापुढची पायरी झाली, त्यांनी तो जतन करून ठेवला. सासूबाईंच्या वेळी नुसतंच ‘अर्ज मिळाला’ आलं होतं. मिळणं वेगळं आणि जतन करणं वेगळं.

१९ नोव्हेंबर
मेहुण्यांना सांगितलं, ऑगस्टपासून माझी जागा रिकामी समजा, आत्ताच माणूस बघा, ऐन वेळी तुमची पंचाईत नको. ते म्हणाले, भावोजी, निकाल तर लागू द्या. मी म्हटलं, औपचारिकता आहे. ते इस्त्रीकडे बघत राहिले. माझी उणीव भासणार त्यांना.

१५ डिसेंबर
निकाल. सकाळी सासूबाईंच्या नावाने मेल आला. ‘अभिनंदन.’ भूगोल. मी दोनदा वाचून दाखवला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, मग गॅस बंद केला, तो चालूच नव्हता.

बायकोने त्यांना मिठी मारली. दोघी रडल्या. मीही अभिनंदन केलं. तालमीलाच प्रवेश मिळाला, तर प्रत्यक्ष प्रयोगाला काय मिळेल!

माझा मेल अजून यायचा आहे. जतन केलेले अर्ज सावकाश बघत असतील.

१८ डिसेंबर
आला नाही. फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. मी म्हटलं, तुम्ही जतन केलाय. त्या म्हणाल्या, सर, तो तुमच्याकडे जतन झालाय. मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही पाठवला नाहीत. मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, जनरल राउंड फेब्रुवारीपर्यंत आहे, निबंध तयारच आहे तुमचा, एक बटण दाबायचंय फक्त.

मी आभार मानले. आवाज मऊ करायची काही गरज नव्हती.

घरात सांगितलं: तांत्रिक बाब.

६ जानेवारी
नवीन इस्त्रीवाला आला. मेहुण्यांनी शब्द पाळला. माणूस हुशार आहे, दोन दिवसांत मला विचारायचं बंद केलं. मी देखरेख करतो. टेबलाच्या एका बाजूला उभं राहून देखरेख केली तर त्याला इस्त्री फिरवायला जागा पुरत नाही, म्हणून आता दारातून करतो.

२६ फेब्रुवारी
जनरल राउंडचे दोन दिवस राहिले. बायको म्हणाली, अहो, दाबा ना ते बटण. मी समजावलं: अर्ली राउंडचा माणूस जनरलच्या रांगेत उभा राहत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मी दाबू? मी लॅपटॉप मिटला.

तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली. मग म्हणाली, नाहीच घेतलं तर काय, याची भीती वाटते का? काहीतरीच. मी निबंध पुन्हा वाचला. आता तेवढा चांगला वाटत नाही. अशी वस्तू पाठवणं विद्यापीठावर अन्याय.

१ मार्च
एका दृष्टीने मोकळं वाटतंय. दुसऱ्या दृष्टीने लिहीत नाही.

४ ऑगस्ट
विद्यापीठ सुरू. सासूबाईंना एकटं कसं सोडायचं, म्हणून स्कूटरवरून पोचवायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. दुकानात तसंही नवीन माणूस आहे. नवी पर्स, नवे बूट, केस घट्ट बांधलेले. वाटेत मला घट्ट धरून बसल्या होत्या. गेटपाशी उतरल्या आणि सोडलं.

गार्डने मला अडवलं. विद्यार्थी? मी म्हटलं, तसं नाही म्हणता येणार. मग पालक का? थोडा विचार करून हो म्हटलं. मला ‘पालक कक्ष’ असं लिहिलेल्या खोलीत बसवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा फिल्टर, खिडकी. खिडकीतून झाड दिसतं. प्रगती आहे.

तसं बघितलं तर मी विद्यापीठातच आहे. वातावरणाचा परिणाम होतोच.

७ ऑगस्ट
पालक कक्षात मी एकटाच असतो. बाकीचे पालक पहिल्या दिवसानंतर येत नाहीत असं गार्ड म्हणाला. लोकांना चिकाटी नाही.

१३ ऑगस्ट
आज सासूबाई चार-पाच मुलींबरोबर बाहेर आल्या. हसत होत्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. घरी त्या आवाज न करता हसतात. हातात नकाशाची मोठी गुंडाळी. मी ती घ्यायला पुढे झालो. त्यांनी दिली नाही.

स्कूटरपाशी म्हणाल्या, जावईबापू, उद्यापासून येऊ नका. मी बसने येईन, या मुली त्याच बसला असतात. मी म्हटलं, आई, मला कसला त्रास? त्या म्हणाल्या, तुम्हाला नाही हो. मला. मुली विचारतात, ते रोज खिडकीत कोण बसलेले असतात.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता?

माझा शर्ट खांद्यावर उसवला होता, तिथे त्यांनी दोन बोटांनी शिवण दाबून धरली. म्हणाल्या, रात्री आठवणीने काढून ठेवा, टाका घालते. मग मुलींनी हाक मारली आणि त्या बस स्टॉपकडे गेल्या.

घरी एकटा आलो. खाली इस्त्री चालू होती. जेवायची वेळ झाली नव्हती. उद्या सकाळी कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही.