बर्नर नीट पेटत नाही, याबद्दल तक्रार

शनिवार, ३ ऑगस्ट.
अपराधाची वेळ : सकाळी ९.४०. नोंद करण्याची वेळ : दुपारी दीड.

आज सकाळी नऊ चाळीसला हार्डवेअरच्या दुकानातल्या ब्राइसने मला गॅसची सदोष टाकी दिली. रिकामी घेतली, भरलेली म्हणून ही दिली, आणि वर हसला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्ट शिकवायच्या की तक्रारीत आधी तारीख, मग वेळ, मग अपराध. पुढे कौन्सिलच्या तक्रार-खिडकीवर मी सव्वीस वर्षे बसले. उत्तरे फक्त त्याच पत्रांना जायची ज्यांत मुदत घातलेली असे. हे मला कोणी शिकवायला नको.

घटना अशी. शेडमध्ये माझ्या नवऱ्याचा, लिंडसेचा, बिअर उकळायचा बर्नर पेटवला. त्यावर त्याचे चाळीस लिटरचे भांडे, भांड्यात बार्लीच्या माल्टचे गोड पाणी. दोन तासांनीही पाणी ७१ अंशांवर, उकळी नाहीच. ज्योत पिवळी, आळशी, इकडे तिकडे झुलणारी. शेवटी सगळे गुलाबांच्या मुळाशी ओतले.

१४ सप्टेंबरला आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे होतात. लिंडसेची काळी बिअर मुरायला पाच आठवडे लागतात. म्हणजे पुढच्या शनिवारी ती उकळलीच पाहिजे. तीस वर्षे मी त्या उकळीच्या वासाला नावे ठेवली. आता लिंडसे आला की माझ्या हातची बिअर पुढे करणार. काही बोलणार नाही, फक्त ग्लास पुढे करणार.

लिंडसे सध्या डेव्हनपोर्टला भावाकडे आहे. सहा आठवडे झाले. जाताना म्हणाला, फिल, मला आता इथे राहवत नाही. पाठ दुखायला लागली की पुरुष असे काहीही बोलतात. समुद्राची हवा त्याला मानवते.

रविवार, ४ ऑगस्ट.
चर्चमधला मास झाल्यावर निश्चय : शांत राहायचे.

अकरा वाजता शेजारचा नेव्हिल कुंपणावरून डोकावला. ज्योत बघून म्हणाला, फिल, एवढ्या ज्योतीला तुमच्या चर्चमध्ये मेणबत्ती म्हणतात. मी म्हटले, अक्कल नको, मदत कर. तो म्हणाला की ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे ऐन हिवाळा, थंडीने टाकी गारठली असेल, बघ, बाहेर गवतावर दहिवर गोठलंय. टाकीवर कोमट पाणी ओतले. टाकी ऊबदार झाली, ज्योत होती तशीच.

चहा पिताना त्याने विचारले, लिंडसेचा फोन? मी म्हटले, भावाच्या छपराच्या कामात आहे, त्याला सवड कुठली. नेव्हिल बराच वेळ चहा ढवळत बसला. तो साखर घेत नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट.
दुकानाला लेखी तक्रार. तीन पाने, मुदत बुधवार. ब्राइसने ती वाचली नाही. म्हणाला, असू दे मिसेस हेफर्नन, दुसरी टाकी घेऊन जा. वाद न घालता बदलून दिली, म्हणजे गुन्हा कबूल.

दुपारी. दुसरी टाकीही तशीच. सगळा साठाच खराब असणार. उद्या तक्रार क्र. २.

बुधवार, ७ ऑगस्ट.
तक्रार क्र. २ लिहायची राहिली, कारण नेव्हिलने बर्नरची नळी उघडली. आत कोळ्याचे घर, पांढरे, कापसासारखे. त्याने तार घालून साफ केले. म्हणाला, बर्नर महिनोन् महिने पडून राहिला की यांचं फावतं. मी म्हटले, महिनोन् महिने नाही, सात आठवडे. तो म्हणाला, बरं, सात.

ज्योत निळी झाली. मला रडू आले, हे इथेच राहू दे. पण निळी म्हणजे मोठी नव्हे. बोटभरच. तासाभरात भांडे ६६ अंशांवर.

संध्याकाळी डेव्हनपोर्टला फोन केला. निव्वळ तांत्रिक प्रश्न होता. लिंडसेचा भाऊ कॉलिन बोलला. म्हणाला, तो इथं नाही गं फिल, दोन आठवडे होता फक्त. मग अडखळला आणि म्हणाला, म्हणजे, जरा बाहेर गेलाय. कॉलिनला लहानपणापासून सरळ वाक्य बोलता येत नाही. लिंडसे बाहेर गेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

शुक्रवार, ९ ऑगस्ट.
उद्या शेवटचा दिवस. बर्नर, रबरी नळी, सगळा संसार गाडीत घालून ब्राइसच्या पुढ्यात मांडला. सोबत तक्रार क्र. २, पाच पाने.

त्याने एकदा बघितले आणि नळीच्या टोकाची करडी चकती बोटाने दाखवली. म्हणाला, हा तर बार्बेक्यूचा रेग्युलेटर. यातून गॅस जेमतेम येतो, सॉसेज भाजण्यापुरता. या बर्नरला लाल लागतो, वर फिरवायची मूठ असलेला. मीच दिला होता लिंडसेला. जूनमध्ये त्याला जोडायला लांब नळी पण घेऊन गेला ना, नव्या जागेत टाकी बाहेर ठेवावी लागते म्हणून.

मी विचारले, कोणती नवी जागा.

ब्राइस फळीवरचे स्क्रूचे खोके सरळ करू लागला. ते सरळच होते. मी म्हटले, तू दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी गल्लत करतो आहेस. तो म्हणाला, असेल, मिसेस हेफर्नन. मग नवा लाल रेग्युलेटर पिशवीत घातला आणि तक्रार माझ्या हातात परत दिली, नीट घडी घालून.

निष्कर्ष : शेडमध्ये चोरी झाली आहे.

शनिवार, १० ऑगस्ट.
सकाळी शेडची तपासणी. गेलेल्या वस्तू : लाल रेग्युलेटर. लांब लाकडी पळी. बाटल्यांना झाकणे बसवायचे यंत्र. गोडी मोजायची काचेची नळी. कृतींची निळी वही. न गेलेल्या वस्तू : नवे ड्रिल, माझी सायकल, बिअरच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या.

पोलिसांना द्यायची यादी नेव्हिलला वाचून दाखवली. तो म्हणाला, फिल, कुठला चोर जाताना शेडला कुलूप लावून किल्ली खिळ्याला अडकवतो? मी म्हटले, व्यवस्थित चोर. मग त्याने जुनी नळी उचलून दाखवली. करड्या रेग्युलेटरच्या सांध्यावर साबण वाळून पांढरा झाला होता. गॅस गळतो का बघायला लिंडसे तिथे साबणाचे पाणी लावतो. दोनदा लावतो. जो कोणी तो रेग्युलेटर बसवून गेला, त्याला मी भाजू नये असे वाटत होते.

नेव्हिल म्हणाला, तू मासला गेली होतीस. लिंडसेचा ट्रेलर भरायला मीच हात लावला. सांगायला हवं होतं तुला.

मी त्याला घरी जायला सांगितले. तो गेला नाही. दारात उभा राहिला, तेव्हा मी काम सुरू केले. लाल रेग्युलेटर बसवला, साबण लावून बघितला, मूठ फिरवली. ज्योत अशी घोंगावली की नेव्हिल मागे सरला. पाऊण तासात भांडे खदखदायला लागले. कडेने फेस वर चढत होता, आणि बिअरला कडूपणा आणणारी हॉप्सची फुले आता घालायची की अर्ध्या तासाने, किती घालायची, हे मला माहीत नव्हते. ते निळ्या वहीत आहे. पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

गॅस बंद केला.

सोमवार, १२ ऑगस्ट. सकाळी १०.
दुकानाविरुद्धच्या दोन्ही तक्रारी मागे. ब्राइसला तसे लेखी कळवले.

पोलिसांना यादी पाठवली नाही.

एक पत्र कॉलिनच्या पत्त्यावर टाकले, पुढे पोचते करावे असे लिहून. नक्कल इथे :

लिंडसे, बर्नर चांगला पेटतो आहे. काळजी नसावी. तू परत येणार आहेस की नाही, हे एका ओळीत लिहून पाठव. कारणे नकोत. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की तू काहीही म्हणालास तरी मला ते ‘येतो’ असेच ऐकू येते. लेखी उत्तर शुक्रवार, ३० ऑगस्ट, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडले पाहिजे.