गेटजवळचा खिळा

१ मार्च २०२५
चौतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं, एकही मुलगी लेखिका झाली नाही. एक कलेक्टर झाली. अमरावतीत तिचा सत्कार झाला तेव्हा तिने आभार मानले पी.टी.च्या सरांचे. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.
आता वरच्या खोलीत गीतांजली राहायला आली आहे. शेंदूरजनाघाटची. घरी फुलं-भाजीची शेती. एम.ए. झालं, नोकरी नाही. सकाळी एका दुकानात हार गुंफते, दुपारी कादंबरी लिहिते. मला काकू म्हणते. मिस म्हणायचं, असं सांगितलं. हो काकू, म्हणाली.
हिला मी घडवणार.

४ मार्च
मोतीराम इलेक्ट्रिशियनकडून गेटजवळच्या भिंतीत खिळा ठोकून घेतला. कशासाठी, म्हणून विचारू लागला. पाटीसाठी. 'लेखिका गीतांजली यांनी उमेदवारीच्या काळात येथे वास्तव्य केले.' म्हणाला, पण मिस, ते पोरगी तं अजून राहूनच राहिली.
या गावात दूरदृष्टी नावाची गोष्ट नाही.

९ मार्च
जेवढ्या लेखकांची चरित्रं वाचली, सगळे तरुणपणी उपाशी. पोट भरलेल्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. तेव्हा डबा द्यायचा नाही, कौतुक करायचं नाही, आणि वही वाचायची नाही. अर्धवट लेखन दुसऱ्याने वाचलं की लेखक बिघडतो. हे मी कुठेतरी वाचलं आहे. निदान वाटतं तरी तसं.

२ एप्रिल
वरचा फॅन कुरकुरत होता. मोतीरामने दुरुस्त करून आणला. माझ्या हॉलमध्ये लावून घेतला. काकू, पंखा कवा येते, असं गीतांजलीने विचारलं. तिला संघर्षाचं महत्त्व समजावलं. बरं, म्हणाली. त्या 'बरं'मध्ये किंचित उद्धटपणा होता.
पारा बेचाळीस.

११ एप्रिल
तानुबाईला पकडलं. अठरा वर्षं माझ्याकडे धुणंभांडी करते, आणि वाळत घालायच्या चादरीखाली भाकर आणि ठेचा घेऊन वर निघालेली. पोरगी दोन दिवसांपासून मुरमुऱ्यावर हाये मिस, म्हणाली. मी तिला साहित्य आणि भूक यांचा संबंध नीट समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या कान्वेंटात डबा आणाची मनाई होती काय? नव्हती, असं सांगावं लागलं.
आता ती जिन्याच्या खिडकीतून देते. मी त्या वेळी तिकडे पाठ करून वाचत बसते. पाहिलं नाही म्हणजे नियम मोडला नाही.

२३ एप्रिल
गीतांजलीचं रिचार्ज संपलं. अकोल्याच्या एका प्रकाशकाला तीन प्रकरणं पाठवली आहेत, तुमचा नंबर देऊ काय, म्हणाली. दे म्हटलं. तिच्या बाबांनी जूनपर्यंतच मुदत दिली आहे. तोवर काही झालं नाही तर तेल्हाऱ्याला मामाच्या कृषी केंद्रात काउंटरवर उभं राहायचं, लिहिणं बंद. फोन आला की लगेच सांगजा काकू, असं दोनदा म्हणाली.
एकदा सांगितलेलं मला कळतं.

६ मे
फोन आला. प्रकाशकाचं नाव जानराव. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असावा. सहा नव्या लेखकांची माला काढतोय, पाच ठरले, मुलीने शनिवारी पूर्ण वही घेऊन अकोल्याला यावं. मला 'ताई' म्हणाला. मी विचारलं, तुमच्या पुस्तकांची इंग्रजी पेपरात परीक्षणं येतात का? ताई, आमी वऱ्हाडातच इकतो, म्हणाला.
पहिल्याच वर्षी यश, तेही खर्रा खाणाऱ्याकडून! मुलगी अजून तयार नाही, दोन वर्षांनी फोन करा, असं स्पष्ट सांगितलं. तुमी तिच्या कोण, म्हणाला. मार्गदर्शक. मंग वही वाचली असन तुमी? लाइन खराब आहे, असं सांगून फोन ठेवला.
गीतांजलीला सांगितलं नाही. एकाग्रता मोडेल.

१० मे, शनिवार
फोन आला काय काकू? अशा गोष्टींना वेळ लागतो, म्हटलं. यात खोटं काही नाही.
तिची बोटं सुईने भोकं पडलेली. त्याच बोटांनी लिहिते. चरित्रात हे छान दिसेल.

२८ मे
गीतांजलीला ऊन लागलं. ताप. डॉक्टर माझ्यावर ओरडला. फॅन परत वर. पडल्या पडल्या तिने विचारलं, अकोल्याहून काही? मी तोंड उघडलं. तेवढ्यात तानुबाई आली, मग मिटलं.
उद्या सांगायचं.

२९ मे
उद्या.

७ जून
वडील न्यायला आले. देवीदास. सोबत कारल्यांची पिशवी, माझ्यासाठी. तुमच्यासारखं माणूस भेटलं मॅडम, म्हणून पोरगी इतके दिवस टिकली, म्हणाले. मी 'असू द्या' म्हटलं.
गीतांजलीने वही माझ्या हातात दिली. तुमीच ठेवा काकू, सोबत नेली तं लिवावं वाटन.
सांगणार होते. पण बसची वेळ झाली होती.

८ जून
लाल पेन घेऊन वही उघडली. पहिल्या पानावर: 'तानुबाईले. खिडकीतून भाकर देणाऱ्या हाताले.'
शेवटचं पानही पाहिलं. मी कुठेच नाही.
मग वाचायला बसले. पहाटेचा फुलांचा लिलाव. आई टोपलीत कोमेजलेला झेंडू खाली दडवते. घेणाऱ्याला ते ठाऊक असतं, तरी तो टोपली उलटत नाही. एवढंच चार पानं. दुपारी तीनला वही संपली. जेवायचं राहिलं. पेनचं टोपण काढलं नव्हतं.
अकोल्याला फोन केला. सहावं नाव झालं ताई, म्हणाला. पुढची माला कधी, तेही सांगता येत नाही. मी सांगितलं, वही वाचली. कशी हाये, असं त्याने विचारलं. या वेळी लाइन अगदी स्वच्छ होती. तरी मी फोन ठेवला.

१२ जून
गीतांजलीचा फोन बंद. मामाचा नंबर घेतलेला नाही. सोमवारी वही घेऊन तेल्हाऱ्याला जायचं. कृषी केंद्रं असून असून किती असतील? सगळं सांगायचं, माफीसकट.

१६ जून, सोमवार
कंबर धरली आहे. बसचा प्रवास नको. पुढच्या सोमवारी नक्की.
मोतीराम पाटी घेऊन आला. 'खोली भाड्याने देणे आहे.' कुठे लावू, म्हणाला. मी जागा शोधत होते.
खिळा हाये न, तानुबाई म्हणाली.