बाराव्या संगणकाची बदली

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलेलाच आहे. गेला महिनाभर टेबलांखाली वायरी शोधून पाठ सरळ होईना, तेव्हा त्याच अवस्थेत एक नमस्कार उरकून घेतो.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? मुद्दाम पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "हं, ठेव" म्हणता आणि माझं वाक्य अर्ध्यावर लोंबकळतं. शिवाय माझं अक्षर बघून तुम्हाला राग येतो, आणि रागावलात की तुम्ही कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचता, हा अनुभव आहे. आणि हो, ताईनं पाठवलेला संगणक ठीक ना? मामी सांगत होत्या, की तुम्ही अजूनही त्याच्यावरचं कापडी आवरण न काढता वरूनच फडकं मारता, त्याच्या डोक्यावर चष्म्याचं घर ठेवता आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसता. फार उत्तम. तसंच चालू द्या. आवरण मात्र काढू नका, हल्ली हवेत धूळ फार.

आता माझी कर्मकहाणी. आमच्या शाळेत तिसऱ्या मजल्यावर संगणकांची खोली आहे. फार वर्षांपूर्वी कुणा दानशूर माणसानं बारा संगणक दिले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांचं मत असं, की महागाची वस्तू मुलांच्या हाती पडली की संपलीच. म्हणून खोलीला कुलूप लागलं. शिवणाच्या बाईंनी बाराही यंत्रांना फुलाफुलांची, झालर लावलेली आवरणं शिवली (बाईंचा स्वभावच असा, की उघडी वस्तू दिसली की त्यांना तिची लाज वाटते). आठवड्यातून एकदा मुलांनी दाराशी चपला काढून उभं राहायचं, झालरी बघायच्या, मग वर्गात येऊन वहीत संगणकाची आकृती काढून भागांना नावं द्यायची. आमची मुलं कीबोर्डाची आकृती अशी काढतात, की बघत राहावं. अशा रीतीनं बाराही संगणक न वापरता जागच्या जागी म्हातारे झाले.

मागच्या महिन्यातल्या सभेत मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या हल्लीच्या मुख्याध्यापिका, माणूस वाईट नाही पण नीटनेटकेपणाचा सोस फार) जाहीर केलं, की हे संगणक कालबाह्य झालेत, संगणक चालवणारी बाजारातली नवी प्रणाली यांच्यात शिरायलाच तयार नाही, तेव्हा ते भंगारात द्यावेत आणि त्या खोलीत सोफा टाकून बैठकीची खोली करावी. मामा, खरं सांगतो, मला राग आला. आमच्या निम्म्या मुलांच्या घरी संगणक नाही. ज्या दारात वर्षानुवर्षं त्यांना चपला काढून उभं केलं, ते दार त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधीच बंद करायचं? मी ताडकन उठलो आणि म्हणालो, की बाराच्या बारा चालू करून दाखवतो. आता मी पडलो भूगोलाचा मास्तर. पण एकदा शाळेची विजेची घंटा अडकून कोकलत राहिली होती, ती मी छत्रीच्या दांड्यानं सोडवली, तेव्हापासून तांत्रिक बाबतीत माझ्या शब्दाला इथे वजन आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, संस्थेचे कार्यवाह स्वतः येऊन बघतील. बारातला एक जरी कमी पडला, तरी सोफा येणार.

उपाय मला माहीत होता. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही घ्यावी, आतून उघडून बघावी, हवी तशी बदलावी, शेजाऱ्यालाही द्यावी. पैसे नाहीत. तिच्यातल्या काही जाती इतक्या अल्पसंतुष्ट आहेत, की म्हाताऱ्या यंत्रातसुद्धा तक्रार न करता संसार करतात. पण आमचे हेडक्लार्क नियमभाऊ आडवे आले. त्यांचं तत्त्वज्ञान असं, की फुकटच्या वस्तूला पावती नाही, पावती नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही ती वस्तू जगातच नाही. कुठलीही नवी गोष्ट शाळेत आणायची तर तीन कोटेशनं हवीत! मी लिनक्सच्या तीन जातींची तीन कोटेशनं तयार करून दिली, तिन्हींवर दर शून्य. नियमभाऊ दुपारभर ती पुढे घेऊन बसले. सर्वांत कमी दराची निवडायची असा नियम, आणि इथे तिघीही सर्वांत कमी. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि मला घासाघीस करून बघायला सांगितलं. मी बाहेर गेलो, नळावर पाणी प्यालो, परत येऊन सांगितलं, की नाही हो, खाली उतरत नाहीत. मग एकदम समाधानानं त्यांनी सही ठोकली. बाजारभाव तपासला गेला होता.

पुढचा आठवडा मी तिसऱ्या मजल्यावर काढला. झालरी काढल्या. शिवणाच्या बाईंचा ब्रश मागून आतली धूळ झाडली. एका यंत्रात पालीनं अंडी घातली होती, तिला रीतसर जागा खाली करायला लावली. मग एकेका यंत्राला लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यात एक प्रश्न येतो, की यातलं जुनं सगळं पुसून टाकू का? मी दर वेळी "हो" म्हणत गेलो. (एवढ्या अधिकारानं हो म्हणायची संधी मला स्वतःच्या लग्नातही मिळाली नव्हती.) आणि काय सांगू, यंत्रं उठली की हो! पडदे उजळले. बारा सुरू झाले, एक मात्र हूं की चूं करेना. पण बाराची पैज होती आणि बारा चालत होते, तेव्हा हा एक जास्तीचा असणार असं म्हणून मी त्याला कोपऱ्यात सरकवलं, कुलूप लावलं आणि शीळ घालत घरी गेलो.

बारा संगणकांच्या खोलीत तेरावा कुठून आला, हा प्रश्न भूगोलाच्या माणसाला पडत नाही. तो सोमवारी नियमभाऊंना पडला. खाली ऑफिसात रंगकाम निघालं होतं म्हणून ऑफिसचा संगणक सुरक्षित जागी, म्हणजे माझ्याच खोलीत, आणून ठेवला होता. आणि तो तिथे उघडा दिसल्याबरोबर शिवणाच्या बाईंनी माणुसकीनं त्यालाही झालरीचं आवरण चढवलं होतं. झालरीखाली सगळे सारखेच! त्याच्या पोटात अख्ख्या शाळेचं वेळापत्रक होतं. होतं, म्हणजे मी हो म्हणेपर्यंत होतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अंगावर काटा येतो. एका वर्गात तीन शिक्षक एकाच वेळी शिरून एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करायचे, आणि शेजारच्या वर्गात कुणीच नसल्यामुळे तिथे विलक्षण शिस्त असायची, कारण आवाज झाला तर कुणीतरी येईल ही मुलांना भीती. मोठ्या बाई माझ्याकडे बघून नुसत्या श्वास सोडायच्या. शेवटी मी नववीच्या मुलांना वर नेलं, लिनक्सबरोबर आलेल्या तक्त्यांच्या प्रोग्रामात रकाने पाडून दिले आणि सांगितलं, बसवा रे वेळापत्रक. पोरांनी बसवलं! चोख बसवलं. खेळाचा तास दिवसाआड दोनदा येतो, ती तांत्रिक अडचण आहे असं मी वर कळवलंय. ऑफिसचा संगणक लिनक्ससकट खाली गेला आणि आता पूर्वीपेक्षा चटचट चालतो. नियमभाऊ येईल त्याला सांगतात, की तीन कोटेशनं मागवून घेतलेली वस्तू आहे.

पण माझ्याकडे उरले अकरा, आणि तो कोपऱ्यातला गप्प बसलेला, तोच माझा खरा बारावा. उघडून बघितला तर आत सगळं जळून कोळसा. त्याचे सुटे भाग बाजारात मिळायचे बंद होऊन जमाना झाला. मी रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात एका सज्जन घराण्यानं (नाव सांगायची परवानगी नाही) आपल्याकडे रिकामा बसलेला एक संगणक देऊ केला. आमचा बारावा त्याच्या जागी तिकडे विश्रांतीला गेला. सुखात आहे असं ऐकतो. रोज अंगावरून फडकं फिरतं.

कार्यवाह आले. बाराच्या बारा पडदे उजळलेले बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मी मनातल्या मनात सोफा खिडकीतून खाली ढकलत होतो. मग त्यांनी मुलांना आपापलं नाव टाइप करायला सांगितलं. आणि मामा, तिथेच गाडी अडली. प्रत्येक मूल एक बोट हवेत धरून कीबोर्डावर घिरट्या घालायला लागलं. एका मुलीला अक्षर सापडेना, ती म्हणाली, "सर, थांबा, आत्ता इथंच होतं." कार्यवाह बराच वेळ थांबले. जाताना म्हणाले, की यंत्रं जिवंत केलीत, अभिनंदन, पण या मुलांच्या हातांचं काय? पुढच्या सत्रापर्यंत टाइपिंग शिकवणारं माणूस उभं करा, नाहीतर मोठ्या बाईंचा सोफा काही वाईट नाही. मोठ्या बाईंनी कापडाचे नमुने आणूनच ठेवलेत.

असो. इकडे बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक देत जा. पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

तुमचा,
कंबर धरून उभा असलेला भाचा

ता. क. उत्तर आलं नाही तरी चालेल असं मी लिहिलं, ते नाही चालणार. मामा, तुम्ही शिकवायला या. तुमचा टाइपिंगचा क्लास या संगणकांनी खाल्ला आणि तुम्ही त्यांचं तोंड बघणार नाही असं म्हणालात, ते मला पाठ आहे. राग खरा आहे तुमचा. पण तुम्ही विद्यार्थ्यांच्या हातांवर फडकं टाकून, कळा न बघता बोटं चालवायला शिकवायचात ना? त्या कळा अजून तिथेच आहेत. आणि मराठीसाठी तुमच्या जुन्या टाइपरायटरची मांडणीसुद्धा या लिनक्समध्ये बसवता येते. मी बसवलीय. बाराही यंत्रांवर.

ता. क. २. रागावून इथपर्यंत वाचलंच आहे, तर आता आवरण काढून बघायला हरकत नाही. तुमच्या टेबलावर जो आहे, तो आमचा बारावा. तुमचा इथे खिडकीपाशी आहे आणि छान चालतो. मी चोरी केलेली नाही. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा मामींनी स्वतः पायरीपर्यंत आणून दिला, आणि म्हणाल्या, "याला नेतोयस तसं मागोमाग ह्यांनाही घेऊन जा. दोघंही एकाच टेबलाशी बसून गंजताहेत." ताईलाही ठाऊक आहे. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

ता. क. ३. तुमच्या यंत्राच्या कळांवर मी फडकं घालून ठेवलंय आणि त्यापुढे कुणाला बसू देत नाही. मंगळवारी न्यायला येतो. खोलीशी आल्यावर चपला मात्र बाहेर काढू नका. तो नियम आम्ही बंद केला.